साथीच्या काळात स्त्रियांचे लैंगिक आरोग्य

साथीचा रोग पसरला की शासनयंत्रणेचे सारे बळ त्याच्या निवारणाकडे वळते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु पाळी, गर्भधारणा, प्रसूती व जननमार्गाचे विकार साथ ओसरण्याची वाट पाहत नाहीत. कोविडमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर लागू झालेल्या टाळेबंदीने ही गोष्ट प्रकर्षाने निदर्शनास आणली.

अडचणी कोठे आल्या?

टाळेबंदीच्या मूळ आदेशात सॅनिटरी नॅपकिनचा स्पष्ट उल्लेख नव्हता. २९ मार्च रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने खुलासा केला, तेव्हा त्यांच्या पुरवठ्याचा मार्ग मोकळा झाला. मात्र शाळा बंद असल्याने शाळेतून नॅपकिन मिळविणाऱ्या मुलींची गैरसोय झाली.

गर्भनिरोधकांचा प्रश्न याहून बिकट होता. शहरांतील असंख्य कामगार गावी परतले आणि नेमक्या त्याच वेळी वाहतूक थांबली व आरोग्य कर्मचारी सर्वेक्षणात गुंतले. अंतरा इंजेक्शन दर ३ महिन्यांनी घ्यावे लागते. छाया गोळी पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा व पुढे आठवड्यातून एकदा घ्यावयाची असते. पुरवठ्यात खंड पडला की संरक्षणही खंडित होते. नको असताना दिवस राहिले, तर कायद्याची मुदत कोणासाठी थांबत नाही. वैद्यकीय गर्भपात अधिनियम, १९७१ अन्वये ही मुदत तेव्हा सर्वसाधारणपणे २० आठवडे होती. २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी ती २४ आठवडे झाली. विलंबामुळे स्त्री अप्रशिक्षित व्यक्तीच्या हाती पडण्याचा धोका असतो.

घरातील जबरदस्ती हाही आरोग्याचाच प्रश्न होय. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ मध्ये लैंगिक छळाचा समावेश आहे. परंतु जिच्या घरातील एकमेव फोन पतीच्या खिशात असतो, तिला मदतवाहिनीचा क्रमांक ठाऊक असूनही उपयोग होत नाही. अशा स्त्रीला आशा स्वयंसेविकेची गृहभेट हाच आधार असतो.

गावपातळीवरील सिद्धता

पुढील साथीची वाट न पाहता ग्रामपंचायतींनी काही व्यवस्था आधीच करून ठेवाव्यात. आशांकडे निरोध, गोळ्या व नॅपकिन यांचा किमान ३ महिन्यांचा साठा असावा. प्रसूती, गर्भपात किंवा अतिरक्तस्राव यांसाठी रुग्णालयात जाणाऱ्या स्त्रीकरिता वाहन निश्चित करावे व तिच्याकडे कारणांची चौकशी करू नये. शाळा बंद ठेवावी लागल्यास शिक्षकांनी शिध्याबरोबर मुलींना नॅपकिनही पोहोचवावेत. आशा व परिचारिका यांनी स्त्रीशी एकांतात बोलावे आणि तिची माहिती गुप्त राखावी. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी संकोचापोटी लपविल्या जातात; त्यांची विचारपूस प्रत्येक भेटीत व्हावी.

या व्यवस्थेला खर्च थोडा लागतो. मात्र ऐन संकटात तिची उभारणी करू म्हटले, तर अनेकींच्या बाबतीत वेळ टळून गेलेली असते.