औषध कशास म्हणावें?

आपल्या नेर तालुक्यांत 'औषध' हा शब्द दोन अगदीं निराळ्या वस्तूंस लावण्यांत येतो. घरांत कोणास ताप आला म्हणजे दवाखान्यांतून औषध आणावयाचें, आणि कपाशीवर अळी दिसूं लागली म्हणजे कृषी केंद्रांतून औषध आणावयाचें. 'आज वावरांत औषध मारायचें आहे' असें वडील म्हणतात, व त्याच सकाळीं 'बाळाला औषध पाजलें कां?' असें आजी विचारते. शब्द एक, परंतु एका बाटलींतील पदार्थ जीव घेण्याकरितां बनविलेला असतो व दुसरींतील जीव राखण्याकरितां. पुष्कळ घरीं या दोन्ही बाटल्या एकाच फळीवर उभ्या असतात.

विद्यार्थिमित्रहो, भाषेची ही संवय सहज मोडेल असें आम्हांस वाटत नाहीं. आणि खरें पाहतां ती सर्वस्वीं चुकीचीहि नाहीं. औषध व विष यांच्यामध्यें निसर्गानें कुंपण घातलेलें नाहीं. सोळाव्या शतकांत पॅरासेल्सस नांवाच्या स्विस वैद्यानें असें मत मांडिलें कीं, कोणताहि पदार्थ विष ठरतो तो त्याच्या मात्रेमुळें. आपल्या चरकसंहितेंतहि हाच विचार आढळतो. मग औषध म्हणावें तरी कशास? या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत शोधण्यापूर्वीं तें आपल्या जिल्ह्यांतच शोधूं.

२०१७ सालच्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेनें मृत्यु पावले, आणि शेंकडों माणसांस रुग्णालयांत भरती करावें लागलें. त्या सालीं कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती, म्हणून फवाऱ्याची नळी वर धरावी लागे व तुषार तोंडावरच येत. दोन-तीन कीटकनाशकें एकाच पंपांत मिसळण्याची रीत पडली होती. तोंडास फडकें नाहीं, हातांत मोजे नाहींत, अंगावरील सदरा औषधानें भिजलेला.

अशा वेळीं शरीरांत घडतें काय? मज्जातंतु जेव्हां स्नायूस किंवा ग्रंथीस आज्ञा देतो, तेव्हां ती अ‍ॅसिटिलकोलीन नांवाच्या रसायनाच्या द्वारें पोहोंचते. आज्ञा पोहोंचली कीं हें रसायन मोडून टाकण्यास एक विकर तेथें हजर असतें. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखीं फॉस्फरसयुक्त कीटकनाशकें त्या विकरासच जखडून टाकतात. मग आज्ञा थांबतच नाहीं. घाम सुटतो, लाळ गळते, डोळ्यांतून पाणी वाहतें, बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या होतात, छाती पाण्यानें भरून घरघरूं लागते. अळी याच रीतीनें मरते; माणूसहि याच रीतीनें मरतो.

यावर डॉक्टर जें इंजेक्शन देतात त्याचें नांव अ‍ॅट्रोपीन. आपल्या बांधावर व उकिरड्यावर जो धोत्रा उगवतो त्याच्या जवळच्या नात्यांतील बेलाडोना नांवाच्या वनस्पतींतून हें द्रव्य प्रथम काढण्यांत आलें, आणि धोत्र्यांतहि याच जातीचीं द्रव्यें असतात. धोत्र्याचें बीं पोटांत गेलेल्या मनुष्याचें तोंड कोरडें पडतें, घाम बंद होतो, बाहुल्या विस्फारतात, नाडी धांवूं लागते व तो बरळतो. आतां हीं लक्षणें फवारणीच्या लक्षणांशेजारीं मांडून पहा. तेथें लाळ, येथें कोरड. तेथें आकसलेली बाहुली, येथें विस्तारलेली. एक विष एका दिशेस ओढतें, दुसरें नेमकें उलट दिशेस, आणि त्या ओढाताणींत रोग्याचा श्वास मोकळा होतो. रसायनशास्त्रांत याहून सुंदर गोष्ट आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

परंतु हें सौंदर्य सर्वस्वीं मोजमापावर उभें आहे. अ‍ॅट्रोपीनच्या एका कुपींत बहुधा ०.६ मिलिग्रॅम इतकेंच द्रव्य असतें. या विषबाधेंत डॉक्टर दोन-तीन मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेनें आरंभ करून ती दर पांच मिनिटांनीं वाढवीत नेतात, व छाती स्वच्छ वाजूं लागली कीं हात आंवरतात. तेथें न थांबल्यास तोच रोगी धोत्रा खाल्ल्यासारखा बरळूं लागतो. धोत्र्याच्या झाडास हें मोजमाप ठाऊक नाहीं. एका बोंडांत द्रव्य कमी तर दुसऱ्यांत अधिक. म्हणून कोणी घरीं धोत्रा वाटून देण्याची गोष्ट काढील तर त्यास मोठ्या माणसांनीं तत्काळ अडवावें. रोग्याचे भिजलेले कपडे काढून अंग साबणानें धुवावें, वांति करविण्याच्या भानगडींत पडूं नये, आणि दवाखान्यांत जातांना कीटकनाशकाची बाटली, निदान तिची चिठ्ठी, बरोबर न्यावी. त्या चिठ्ठीवर उताराहि छापलेला असतो. कोनावर उभा केलेला जो चौकोन तिच्यावर दिसतो त्याचा खालचा अर्धा भाग तांबडा असल्यास द्रव्य अत्यंत विषारी, पिवळा असल्यास त्याखालोखाल, मग निळा, व हिरवा सर्वांत सौम्य. जें अक्षर न येणाऱ्यासहि वाचतां यावें म्हणून योजिलें, तें अक्षर येणारेहि वाचीत नाहींत हें नवल आहे.

मात्रा बरोबर असून भागत नाहीं. पदार्थ शुद्धहि असावा लागतो. १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत उपचाराकरितां दिलेल्या ग्लिसरीनमध्यें डायएथिलीन ग्लायकॉल नांवाचा पदार्थ मिसळलेला निघाला व चौदा रोगी दगावले. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें त्याची चौकशी केली. इतकें होऊनहि २०२५ सालीं, नागपूरच्या पलीकडे लागूनच असलेल्या मध्यप्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत खोकल्याच्या औषधानें वीसांहून अधिक बालकें मृत्युमुखीं पडलीं. त्यांतील कित्येकांस उपचारार्थ नागपुरास आणिलें होतें. हा डायएथिलीन ग्लायकॉल कारखान्यांत उपयोगी पडणारा, स्वस्त, रंगहीन व चवीस गोड असा पातळ पदार्थ आहे. खोकल्याचें औषध ज्यांत कालवितात त्या पदार्थाहून तो डोळ्यांस निराळा दिसत नाहीं, जिभेस निराळा लागत नाहीं. पोटांत गेल्यावर मात्र मूत्रपिंडें बंद पाडतो. हजारांत एका भागाहून अधिक तो असूं नये असा दंडक आहे. छिंदवाड्याच्या औषधांत तो शंभरांत अट्ठेचाळीस भागांहून अधिक भरला. ज्या आईनें चमचा बाळाच्या तोंडाशीं नेला तिला हें कसें कळावें? तें कळण्याचें ठिकाण एकच, व तें म्हणजे प्रयोगशाळा. तेथें कच्चा माल तपासणाऱ्यानें आपलें काम केलें असतें तर बाटली भरलीच गेली नसती.

तिसरी गोष्ट नांवाची. ३१ जानेवारी २०२१ रोजीं आपल्याच जिल्ह्यांतील घाटंजी तालुक्यांत पोलिओच्या थेंबांऐवजीं बारा बालकांच्या तोंडांत हात धुण्याचें सॅनिटायझर घालण्यांत आलें. सुदैवानें तीं सर्व बालकें वांचलीं. तेथें मात्राहि चुकली नव्हती, पदार्थहि भेसळीचा नव्हता. केवळ बाटलीवरचें नांव वाचलें गेलें नाहीं.

घरांतहि असाच एक घोटाळा होतो, आणि त्याची दाद कोणी घेत नाहीं. पॅरासिटामॉल हें तापाचें औषध सर्वांच्या परिचयाचें आहे. बालकास तें दर किलो वजनास सुमारें १५ मिलिग्रॅम या हिशेबानें डॉक्टर देतात; म्हणजे १० किलोच्या बालकास १५० मिलिग्रॅम. परंतु दुकानांत याच नांवाच्या पातळ औषधाच्या निरनिराळ्या शक्तीच्या बाटल्या मिळतात. एकींत ५ मिलिलिटरमध्यें १२५ मिलिग्रॅम द्रव्य असतें, दुसरींत २५० मिलिग्रॅम. पहिलींतून ६ मिलिलिटर द्यावे लागतील, दुसरींतून ३. शेजारणीनें 'आमच्या मुलाला इतकें दिलें' म्हणून सांगितलेलें माप दुसऱ्या बाटलीस लावलें तर मात्रा दुप्पट होते, व हें द्रव्य अति झाल्यास यकृतास अपाय करतें. त्यांत स्वयंपाकघरांतील चमचे एका मापाचे नसतात. बाटलीबरोबर मिळणारें मापाचें झांकण फेंकून देऊन पोह्यांच्या चमच्यानें औषध पाजणारीं घरें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत.

तेव्हां ज्याची मात्रा मोजलेली, शुद्धता तपासलेली, व नांव, शक्ति आणि मुदत चिठ्ठीवर लिहिलेली आहे त्या पदार्थास औषध म्हणावें. यांतील एकेक काम कोणी तरी मनुष्य करीत असतो. त्या मनुष्यांच्या विद्येस औषधनिर्माणशास्त्र म्हणतात.

पालकांपैकीं पुष्कळांची समजूत अशी दिसते कीं, शास्त्र शाखेंतील मूल डॉक्टर झालें नाहीं म्हणजे वायां गेलें. त्यांनीं वरील हकीकती पुन्हा एकदां वाचाव्या. त्यांतील एकींतहि डॉक्टरच्या विद्येची उणीव नव्हती. बारावीस पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र, आणि त्यांच्या जोडीस जीवशास्त्र अथवा गणित घेतलेल्या विद्यार्थ्यास हा मार्ग खुला आहे. पदविका दोन वर्षांची असून तिच्यानंतर ५०० तासांचें प्रत्यक्ष शिक्षण घ्यावें लागतें. पदवी चार वर्षांची, आणि रुग्णालयांत रोग्यांजवळ राहून काम करण्याची डॉक्टर ऑफ फार्मसी ही परीक्षा सहा वर्षांची. अमरावतीस शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे व यवतमाळासहि या शिक्षणाची सोय आहे. त्यामुळें नेरच्या मुलामुलींस फार दूर जावें लागत नाहीं. प्रवेश घेण्यापूर्वीं त्या संस्थेस फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे कीं नाहीं, एवढें पालकांनीं अवश्य पाहून घ्यावें.

पदविका घेतलेला मनुष्य १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणें नोंदणी करून दुकान चालवूं शकतो. कांहीं जण आपला परवाना दुसऱ्याच्या दुकानास भाड्यानें देऊन घरीं बसतात. हा बेकायदेशीर धंदा आहे, आणि त्यामुळें फळीमागें उभा असलेला मनुष्य औषध ओळखणारा आहे कीं नाहीं हें गिऱ्हाइकास कळत नाहीं. पदवीधरास कारखान्यांत, संशोधनांत, अथवा अन्न व औषध प्रशासनांत औषध निरीक्षक म्हणून काम मिळूं शकतें. ज्यास गर्दी आवडत नाहीं पण तराजूचा कांटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून पाहणें आवडतें, त्यानें विश्लेषक व्हावें. कच्च्या मालाच्या पिंपांतील थेंब तपासून 'हें पिंप परत पाठवा' असें लिहिण्याचा अधिकार त्याचा असतो.

आतां थोडा गृहपाठ. येत्या सुट्टींत घरांतील सर्व बाटल्या व गोळ्यांचीं पाकिटें एकदां खालीं काढावीं व वहींत चार रकाने पाडून नांव, शक्ति, बनविल्याची तारीख व मुदत उतरून घ्यावी. ज्या पाकिटाच्या डाव्या कडेस तांबडी उभी रेघ आहे तें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून घेतलें गेलें होतें काय, हें वडील मंडळींस विचारावें. फवारणीच्या बाटल्या निराळ्या, कुलुपाच्या जागीं ठेवण्यास वडिलांस मदत करावी. त्या रिकाम्या झाल्या तरी त्यांत पाणी किंवा तेल भरूं देऊं नये. आणि पुढील उदाहरण सोडवून वर्गांत दाखवावें: १२ किलो वजनाच्या बालकास वरील हिशेबानें पॅरासिटामॉल द्यावयाचें डॉक्टरांनीं ठरविलें, तर प्रत्येक शक्तीच्या बाटलींतून किती मिलिलिटर मोजावें लागेल?