लाकडाला पावडर कोटिंग : भट्टीऐवजी प्रकाश

आमचा धंदा कापडाचा. तरीही सुतार आणि पॉलिशवाले कारागीर यांच्याशी आमची नेहमीची ऊठबस आहे. ‘लोखंडी कपाटाला पावडर कोटिंग होते, मग लाकडाला का नाही?’ असे ते विचारतात. आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींनी तर सागवानी फळ्या सरळ लोखंडाच्या भट्टीत घातल्या. फळ्या तडकल्या, रंगाला फोड आले. माल आणि मजुरी दोन्ही बुडाले. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

पावडर कोटिंगमध्ये थिनर नसतो. रेझिन व रंग यांची कोरडी भुकटी विजेचा भार देऊन बंदुकीने उडवतात व ती वस्तूला चिकटते. लोखंडावर ती १६० ते २०० अंश सेल्सिअसला दहा-वीस मिनिटे भाजतात. लाकडाला हे सोसत नाही. आतल्या ओलाव्याची वाफ होते, पाइनसारख्या लाकडातून राळ सुटते आणि तेच फोड बनून वर येतात.

यावर उपाय म्हणजे अतिनील किरणांनी पक्की होणारी पावडर. पिगमेंट छपाईच्या कापडाचा रंग आपण उष्णता देऊन पक्का करतो. इथे उष्णता फक्त वितळवते, पक्के करण्याचे काम प्रकाश करतो.

कृती अशी :

१) लाकूड वाळवून ओलावा ५ ते ८ टक्क्यांवर आणावा. जास्त ओले असेल तर फोड येतात. अगदी कोरडे असेल तर वीज वाहत नाही आणि पावडर धरत नाही.

२) घासून, धूळ झाडून, किंचित गरम करून पावडर उडवावी.

३) इन्फ्रारेड दिव्यांखाली सुमारे १०० ते १२० अंशांवर एक ते तीन मिनिटांत ती वितळून सपाट होते.

४) थर गरम असतानाच अतिनील दिव्याखालून न्यावा. काही सेकंदांत तो कडक होतो.

फायदा उघड आहे. थिनरचा वास छातीत जात नाही, आगीची भीती कमी होते, खाली पडलेली पावडर गोळा करून पुन्हा वापरता येते आणि थंड होताच माल बांधता येतो.

पण अडचणीही आहेत. प्रकाश जिथे पोचत नाही तिथे थर कच्चा राहतो. नक्षी आणि खाचा यांची हीच पंचाईत. गडद, जाड रंग किरण अडवतात. गाठी व रेषा असलेले अस्सल लाकूड सर्वत्र सारखे वागत नाही, म्हणून कारखान्यांत हे काम मुख्यतः एमडीएफवर चालते. किरणांपासून डोळे व कातडी जपावी लागते, दिव्यांचा ओझोन वायू बाहेर काढावा लागतो.

तेव्हा कारागीर बंधूंना आमचे सांगणे एवढेच : यंत्रासाठी कर्ज काढण्याआधी आपल्याच लाकडाच्या चार फळ्या, एक नक्षीची धरून, मजुरीवर कोट करून घ्या. एक पावसाळा त्या दुकानात ठेवा. टिकल्या तर पुढचा हिशेब मांडा.