पोरी, सातवा लागला की

सातवा लागला की गावभरच्या बाया तुला शहाणपण सांगायला येतील. त्यातलं एक ऐकूच नको: “कमी खा, नाहीतर पोर मोठं होऊन अडेल.” उपाशी आईचं पोर अशक्त होतं, बाळंतपण काही त्यानं सोपं होत नाही. आता पोट वर दाबतं, एका वेळी जेवण जायचं नाही. म्हणून थोडं थोडं, पाच-सहा वेळा खा. भातासंगं वरण, मुनग्याची भाजी, अंडं, मासळी. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नको, अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास लांब ठेव. शौच काळी झाली तर घाबरायचं नाही, ते गोळीमुळंच.

छातीत जळजळ, कंबरदुखी, पोटरीत गोळे, रात्री चार वेळा लघवीला उठणं, हे या दिवसांचंच आहे. उताणी झोपू नको, कुशीवर झोप, डावी कूस बरी. मधेच पोट कडक होऊन सुटेल, त्या खोट्या कळा. पाणी प्यालं, कूस बदलली की जातात. खऱ्या कळा जात नाहीत, जवळजवळ येतात आणि जोर धरतात. मात्र 37 आठवडे भरायच्या आत कळा नेमानं येऊ लागल्या, तर खऱ्या की खोट्या याचा निवाडा घरी करत बसायचं नाही.

आता नीट ऐक. बाळ हलतं त्याकडं रोज ध्यान दे. “दिवस भरत आले, आत जागा उरली नाही, म्हणून हलत नाही,” असं म्हणतात, ते साफ खोटं. शेवटापर्यंत बाळ हललंच पाहिजे. हालचाल कमी वाटली तर काहीतरी खा, डाव्या कुशीवर पड आणि मोज. दोन तासांत दहा वेळा हललं नाही, तर दवाखाना. सकाळची वाट पाहायची नाही.

पायाची सूज चालते. तोंडावर, हातांवर आली, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर रक्तदाब चढला समज आणि दवाखाना गाठ. रक्त गेलं, पाणी गेलं, ताप आला, तरी तसंच. नवरा शेतावरून येईतो थांबू नको, 102 ला फोन लाव. सरकारी दवाखान्यात न्यायला-आणायला गाडी फुकट असते, बाळंतपणही फुकट.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथं आसगावला. येताना माता-बाल कार्ड आणि सगळे रिपोर्ट घेऊन ये. पोरी साड्या आठवणीनं आणतात, कागद सासरी विसरतात. आल्या आल्या आशाताईकडे नाव दे. महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते, ती चुकवू नको. सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घे. आपल्या भंडाऱ्याकडं हा आजार आहे, आणि असला तर बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच व्हायला हवं.

पवनीचा दवाखाना जवळ आहे, पण अडलं तर भंडाऱ्यालाच धाडतात. पावसाळ्यात नाल्यावरून पाणी गेलं की तेवढी वाटही बंद. तुझी तारीख श्रावणातली. म्हणून आषाढातच ये. रोवणीला वाकायचं, चिखलात उभं राहायचं आता बंद. सासूबाई म्हणत असतील, रोवणी आटोपली की धाडू. त्यांच्याशी मी बोलते.