वाचकांचे प्रश्न : लीजपुरता विमा धंद्याला पुरतो का?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको मिसिसागाला एका औद्योगिक प्लाझात छोटं किचन भाड्याने घेतोय. चकली, शेव, अनारसे आणि रोजचे डबे असं काम आहे. मदतीला दोन बायका पगारावर ठेवणार, डबे पोचवायला आमचीच गाडी. जागामालकाने 20 लाख डॉलरच्या लायबिलिटी विम्याचं सर्टिफिकेट मागितलंय. ब्रोकर मात्र आणखी बरंच सुचवतोय आणि हप्ता जवळजवळ दुप्पट होतोय. सध्या फक्त लायबिलिटी घेतली तर चालेल का?
— एक वाचक, मिसिसागा

उत्तर : लीजवर सही होण्यापुरतं चालेल, पण उद्या काही विपरीत घडलं तर धंदा उभा राहणार नाही. कमर्शियल जनरल लायबिलिटी दुसऱ्याचं नुकसान भरून देते. ओल्या फरशीवर कुणी घसरलं, डब्यातलं खाऊन कुणाला बाधलं, तुमच्या आगीची झळ शेजारच्या गाळ्याला लागली, तर ती कामी येते. तुमचे फ्रायर, फ्रीझर आणि भरलेला माल यांच्यासाठी तिच्यातून छदामही मिळत नाही. या सामानाचं कव्हर तुमच्याकडे कुणीच मागणार नाही, म्हणून ते तुम्हीच आठवणीने घ्यायचं.

सामानाचा विमा घेताना किंमत कमी सांगून हप्ता वाचवू नका. बहुतेक पॉलिसींत को-इन्शुरन्सचं कलम असतं. समजा, सगळं सामान नव्याने घ्यायला 1,00,000 डॉलर लागतील आणि कलम 80 टक्क्यांचं आहे. म्हणजे निदान 80,000 चा विमा हवा. तुम्ही 40,000 चाच घेतला आणि 20,000 चं नुकसान झालं, तर हाती 10,000 येतील, त्यातूनही डिडक्टिबल वजा. निम्मा विमा, निम्मी भरपाई. हप्ता कमी करायचाच असेल तर डिडक्टिबल वाढवा, रक्कम खरीच ठेवा. ओंटारियोत या हप्त्यावर 8 टक्के विक्रीकर लागतो, तोही हिशेबात धरा.

पाण्याचं वेगळं विचारा. 16 जुलै 2024 ला पिअर्सन विमानतळावर 97.8 मिलिमीटर पाऊस पडला आणि टोरांटो-मिसिसागा पाण्याखाली गेलं. त्या महिन्यातल्या दक्षिण ओंटारियोच्या पुरांत विमा असलेलं नुकसानच 94 कोटी डॉलरच्या वर गेलं. फुटलेल्या पाइपचं पाणी, गटारातून उलटं येणारं पाणी आणि रस्त्यावरून आत शिरणारं पाणी, ही विम्याच्या दृष्टीने तीन निरनिराळी पाणी आहेत. शेवटच्या दोन्हींसाठी बहुधा वेगळी जोडणी घ्यावी लागते. ती आहे का आणि किती रकमेची आहे, हे ब्रोकरकडून लेखी घ्या.

तुमच्यासाठी सर्वांत मोलाचं कव्हर आहे बिझनेस इंटरप्शन. तुमची वर्षाची कमाई दिवाळीवर उभी. सप्टेंबरात आग लागून किचन बंद पडलं तर सामान नवं येईल, हुकलेला हंगाम येणार नाही. भाडं आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतील. यात दोन प्रकार असतात. ग्रॉस अर्निंग्ज फॉर्म सर्वसाधारणपणे दुरुस्ती होईपर्यंतचीच भरपाई देतो. प्रॉफिट्स फॉर्म ठरलेल्या मुदतीत धंदा पूर्वपदावर येईपर्यंत देतो. गिऱ्हाईक परत यायला वेळ लागतो, म्हणून मी तुम्हाला दुसरा सुचवेन. एक लक्षात ठेवा : हे कव्हर बहुधा जागेचं वा सामानाचं प्रत्यक्ष नुकसान झालं तरच लागू होतं. कोविडमध्ये दुकानं बंद ठेवावी लागलेल्या कितीतरी जणांना हे तेव्हाच कळलं.

पगारी माणूस ठेवल्यापासून 10 दिवसांत डब्ल्यूएसआयबीकडे, म्हणजे ओंटारियोच्या कामगार विमा मंडळाकडे, नोंदणी करा. कढईजवळ काम करणाऱ्या बाईचा हात भाजला तर तिचा आधार तोच. गाडीवरून डबे पोचवणार हे गाडीच्या विमा कंपनीलाही आधी सांगा. खाजगी वापराच्या पॉलिसीवर धंद्याची फेरी मारताना अपघात झाला तर दावा अडकू शकतो.

आता आगीचं. तुमचं काम तळणाचं, म्हणजे विमा कंपनी प्रथम चिमणीचं हूड आणि त्यातली आग विझवण्याची यंत्रणा बघणार. यंत्रणेची दर 6 महिन्यांनी तपासणी करून घ्या, हूडमधला तेलकट थर साफ केल्याच्या पावत्या जपा, आणि त्यांचे फोटो किचनबाहेर कुठेतरी ठेवा. ब्रोकरला ‘डब्यांचं किचन’ एवढंच सांगू नका, डीप फ्रायर किती तेही सांगा. पुढे फ्रायर वाढवलात तर लगेच लेखी कळवा. ओंटारियोच्या विमा कायद्यातल्या अटींनुसार जोखमीतला असा महत्त्वाचा बदल कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे.

प्रश्न : माझ्या कपड्यांच्या दुकानात पाणी शिरून माल गेला. ‘हे कव्हर नाही’ म्हणून कंपनीने दावा नाकारला. पत्रव्यवहार चालू आहे. कोर्टात जायला दोन वर्षं मिळतात असं ऐकलंय, मग घाई कशाला?
— एक वाचक, ब्रॅम्प्टन

उत्तर : घाई कराच. ओंटारियोत सर्वसाधारण मुदत दोन वर्षांची आहे हे खरं. पण धंद्याच्या पॉलिसीत ती एक वर्षाची केलेली असू शकते. को-ऑपरेटर्स कंपनीविरुद्धच्या एका खटल्यात दुकानातल्या दुर्गंधीने झालेल्या नुकसानीचा दावा होता, आणि ते दुकानही कपड्यांचंच होतं. मालक वर्ष उलटल्यावर कोर्टात गेले. 2013 मध्ये ओंटारियोच्या अपील न्यायालयाने एक वर्षाचं कलम ग्राह्य धरलं आणि दावा मुदतबाह्य ठरला. नुकसान खरं होतं की नाही, इथपर्यंत गोष्ट गेलीच नाही.

नकार कोणत्या कलमाखाली दिला ते कंपनीकडून लेखी मागा. मग कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे जा. त्यांचं अंतिम उत्तर पटलं नाही तर जनरल इन्शुरन्स ऑम्बडसर्व्हिस या स्वतंत्र तक्रार निवारण संस्थेकडे विनामूल्य दाद मागता येते. पाण्याची जोडणी घ्यायचं ब्रोकरने सुचवलंच नव्हतं, अशी तुमची तक्रार असेल तर ती ब्रोकरांवर देखरेख करणाऱ्या रिबो या संस्थेकडे न्या. मात्र तक्रार चालू आहे म्हणून कोर्टाची मुदत थांबली, असं धरून चालू नका. पॉलिसी काढा, नुकसानीची तारीख आणि मुदतीचं कलम शेजारी ठेवून वाचा, आणि वर्ष भरत आलं असेल तर याच आठवड्यात वकील गाठा.