आधी फाइल मागा, मग गळपट्टा आणा

"कॅन्सर झाला होता, पण आता बरा आहे." एवढ्या एका वाक्यावर वयस्क कुत्रा घरी आणू नये आणि एवढ्याच वाक्यावर त्याला नाकारूही नये, असं माझं ठाम मत आहे. कॅन्सर म्हणजे एकच आजार नव्हे. आपल्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांमध्ये वारंवार दिसतो तो टीव्हीटी (ट्रान्समिसिबल व्हेनेरियल ट्यूमर), म्हणजे एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे पसरणारी कॅन्सरची गाठ. समागमातून, चाटण्या-हुंगण्यातून एका कुत्र्याच्या जिवंत कर्कपेशी थेट दुसऱ्याच्या अंगात रुजतात. जननेंद्रियावर, कधी नाकात किंवा तोंडात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी लाल, रक्ताळलेली गाठ येते. दिसायला भयंकर, पण बरी होण्याच्या बाबतीत कॅन्सरांमध्ये अगदी वेगळी. विन्क्रिस्टीन हे औषध, जे दारातल्या सदाफुलीपासून मिळतं आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवरही वापरलं जातं, ते आठवड्यातून एकदा शिरेतून दिलं की साधारण 4 ते 6 इंजेक्शनांत बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात.

धोका आहे तो अर्धवट उपचाराचा. दोन-तीन इंजेक्शनांतच गाठ आक्रसते, रक्त थांबतं, कुत्रा खायला लागतो आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मोकाट कुत्र्याला दर आठवड्याला पकडायचं, रिक्षात घालून दवाखान्यात न्यायचं, हे किती जिकिरीचं असतं ते कार्यकर्त्यांना विचारा. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पण कोर्स तिथेच सुटतो आणि मागे राहिलेल्या पेशी पुन्हा वाढू शकतात. म्हणून फाइल मागायची ती उत्सुकतेपोटी नव्हे. गाठीतल्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या का? इंजेक्शनं कोणत्या तारखांना दिली? या औषधाने पांढऱ्या पेशी घटतात, तर प्रत्येक वेळी आधी रक्त तपासलं होतं का? गाठ पूर्ण गेल्याचं डॉक्टरांनी हात लावून पाहिलं का? नसबंदी झाली का? आणि कागदावर टीव्हीटीऐवजी स्तनाची गाठ असं लिहिलेलं असेल, तर वर सांगितलेला दिलासा तिथे लागू नाही. कुत्रीच्या स्तनातल्या गाठींपैकी जवळपास निम्म्या घातक निघतात आणि फुप्फुसापर्यंत पोचू शकतात. तिथे बायोप्सीचा अहवाल आणि छातीचा एक्स-रे पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

घरच्यांची पहिली हरकत ठरलेली असते: मुलांना लागण झाली तर? टीव्हीटी माणसाला होत नाही. घरात दुसरा कुत्रा असेल, तर मात्र गाठ पूर्ण जाईपर्यंत दोघांना वेगळं ठेवावंच लागतं. कोर्स चालू असतानाच कुत्रा घरी आणला, तर इंजेक्शननंतरचे काही दिवस त्याची शी-शू हातमोजे घालून उचलायची आणि गरोदर बाईने ते काम करायचं नाही, कारण औषधाचा अंश त्यातून बाहेर पडतो. दुसरी हरकत अधिक गंभीर आहे: म्हातारा कुत्रा, थोडीच वर्षं राहिलेली, जीव लावायचा आणि लगेच गमवायचा? हे दुःख खरं आहे, ते मी खोडून काढणार नाही. पण बऱ्या झालेल्या टीव्हीटीने ती वर्षं कमी होत नाहीत. जे कमी करतं ते वय करतं: मूत्रपिंड, हृदय, किडलेले दात, गुडघे. खर्चाचा हिशेबही इथेच मांडावा. विन्क्रिस्टीन त्या मानाने स्वस्त आहे. म्हातारपणाची औषधं आणि पथ्याचं खाणं मात्र शेवटपर्यंत चालतं. ते झेपणार नसेल, तर आधीच नाही म्हणणं हीसुद्धा त्या जिवावर दयाच आहे.

आणायचं ठरलं, की पहिल्याच आठवड्यात मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या करून घ्याव्यात, म्हणजे पुढे तुलनेला आकडे हाताशी राहतात. पुढचे काही महिने फरशीवर रक्ताचे थेंब दिसतात का, तो एकच जागा सारखी चाटतो का, एकाच नाकपुडीतून रक्त येतं का, इकडे लक्ष ठेवावं. नाकातून रक्त आलं की लगेच जुनी गाठ उलटली असं धरून इंजेक्शनाचा आग्रह धरू नये. गोचीड तापातही प्लेटलेट घसरून तसंच रक्त येतं आणि त्यावरचं औषध अगदी वेगळं असतं; तेव्हा आधी रक्त तपासायला सांगावं आणि जुनी फाइल डॉक्टरांपुढे ठेवावी.