विकत घेतलेल्या यंत्राची वहिवाट

घरगुती यंत्रें उघडून त्यांजकडून निराळींच कामें करून घेण्याचा छंद अनेक देशांत वाढला आहे. यांत शेतकऱ्यानें घेण्यासारखा बोध आहे, म्हणून दोन उदाहरणें वाचकांपुढें ठेवितों.

पहिलें 'रूंबा' या केर काढणाऱ्या यंत्राचें. अमेरिकेंतील आयरोबॉट कंपनीनें तें २००२ सालीं विक्रीस आणिलें. तें चाकांवर आपोआप घरभर फिरून केर ओढून घेतें. हौशी ग्राहक त्याची फोड करूं लागले, तेव्हां त्यास तारेवाटे हुकूम कसे द्यावे याची माहिती कंपनीनें २००५ सालीं स्वतःच प्रसिद्ध केली. पुढें २००७ सालीं केर काढण्याचा भाग वगळून 'क्रिएट' नांवाचें यंत्र खास शिकणाऱ्यांसाठीं काढिलें.

दुसरें 'किनेक्ट'चें. हा खेळासाठीं केलेला कॅमेरा मायक्रोसॉफ्टनें नोव्हेंबर २०१० मध्यें विक्रीस काढिला. डोळ्यांस न दिसणाऱ्या किरणांचे ठिपके तो समोर पाडतो आणि ते किती सरकले यावरून वस्तूचें अंतर काढितो. हा कॅमेरा साध्या संगणकास जोडून दाखवील त्यास अ‍ॅडाफ्रूट या अमेरिकन कंपनीनें बक्षीस लाविलें. मायक्रोसॉफ्टनें नापसंती दर्शविली. तेव्हां बक्षिसाची रक्कम वाढत ३,००० डॉलरांवर गेली. युरोपांत विक्री सुरू झाली त्याच दिवशीं स्पेनमधील हेक्टर मार्टिन यांनीं तें काम साधिलें. जून २०११ मध्यें मायक्रोसॉफ्टनेंही बिनव्यापारी उपयोगापुरती वाट मोकळी केली. पुढें संशोधकांनीं याच कॅमेऱ्यानें डुकरें व गुरें यांच्या अंगाचें माप दुरून घेऊन वजनाचा अंदाज काढून पाहिला. मात्र कडक उन्हांत त्याचे ठिपके बुजतात. म्हणून तो गोठ्यांत किंवा दिवस मावळल्यावर कामास येतो, भर उन्हांतल्या शेतांत येत नाहीं. त्याचें उत्पादन २०१७ सालीं बंद झालें.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत याव्या. यंत्र कोणत्या युक्तीनें चालतें हें ज्यास कळतें, त्यासच त्याचा दुसरा उपयोग सुचतो, आणि तो कोठें अडेल हेंही कळतें. दुसरी गोष्ट मालकीची. खरेदीखत आपल्या नांवें आणि वहिवाट मात्र विकणाराची, असा व्यवहार जमिनींत कोणी करणार नाहीं. यंत्रांत तो नकळत होतो. अमेरिकेंत ट्रॅक्टरांतील संगणकाच्या कुलुपांवरून असाच वाद झाला, व दुरुस्तीसाठीं आणि कायदेशीर फेरबदलासाठीं तीं कुलुपें उघडण्याची मुभा २०१५ सालीं मालकांस मिळाली.

म्हणून यंत्र घेतांना किंमतीबरोबर तीन प्रश्न विचारावे: आंतील रचनेचा नकाशा मिळेल काय? सुटे भाग बाहेर मिळतात काय? उघडल्यास हमी रद्द होते काय? उत्तरें लेखी घ्यावीं. पुढें फेरबदल करणें झाल्यास आधीं वीज तोडावी, प्रत्येक तारेची जागा कागदावर मांडावी, काढलेला भाग जपून ठेवावा, आणि फिरत्या भागावरील झांकण कधींही काढून टाकूं नये. एवढी सावधगिरी ठेविल्यास जुन्या यंत्रावर हात बसवून पाहण्यास हरकत नाहीं.