पडद्याचा उजेड : किती असावा, कसा राखावा?

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात संगणक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. २०११ साली सुरू झालेल्या ‘संग्राम’ प्रकल्पाने तो ग्रामपंचायतीत आणला. शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळा डिजिटल शिक्षणासाठी राज्यभर परिचित झाली, तर मुरबाड तालुक्यातील धसई गावाने डिसेंबर २०१६ मध्ये रोकडरहित व्यवहारांचा मार्ग धरला. साधन गावोगावी पोहोचले. आता ते नीट वापरण्याची जबाबदारी वापरणाऱ्यांची आहे.

लॅपटॉपचा पडदा बहुधा स्वयंप्रकाशी नसतो. अक्षरांच्या मागे एक दिवा सतत तेवत असतो आणि बॅटरीतील विजेचा मोठा वाटा तोच घेतो. पावसाळ्यात वीज गेली आणि ग्रामसभेचे काम निम्म्यावर असले, म्हणजे या दिव्याचे महत्त्व कळते. उजेड बेताचा ठेवल्यास तीच बॅटरी अधिक वेळ पुरते.

उजेड कमी-जास्त करणे सोपे आहे. कळफलकाच्या वरच्या ओळीत सूर्याचे चिन्ह असलेल्या दोन कळा असतात. एकीने उजेड वाढतो, दुसरीने घटतो. काही यंत्रांवर त्यासोबत ‘एफएन’ ही कळ दाबून धरावी लागते. विंडोज ११ प्रणालीत विंडोजची कळ व ‘ए’ एकत्र दाबल्यास उजेडाची सरकपट्टी समोर येते. बॅटरी उतरल्यावर पडदा आपोआप मंदावला, तर तो बिघाड समजू नये. ती यंत्राने केलेली काटकसर होय.

योग्य उजेड कोणता? पडद्याशेजारी कोरा पांढरा कागद धरावा. पडदा दिव्यासारखा झगमगत असेल तर उजेड कमी करावा, करडा भासत असेल तर वाढवावा. खोलीतील प्रकाश काहीशे लक्स असतो, तर भर उन्हात तो एक लाख लक्सपर्यंत जातो. म्हणून अंगणात उजेड कितीही वाढविला तरी अक्षरे पुसटच दिसतात. अशा वेळी सावलीत बसणे हाच उपाय. शाळेत वा कार्यालयात खिडकी पडद्याच्या मागे किंवा वापरणाऱ्याच्या पाठीशी नसावी, बाजूस असावी.

पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात व डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद सुमारे २० फुटांवर नजर टाकावी, ही सवय विद्यार्थ्यांना शिक्षकांनी लावावी.

या साऱ्याचा संबंध केवळ सोयीशी नाही. दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थाचे नाव, वय, गट क्रमांक पडद्यावरच तपासले जातात. मंद पडद्यावर एक अक्षर चुकले, तर त्या माणसाला पाड्यावरून पुन्हा तालुक्यापर्यंत हेलपाटा पडतो. म्हणून अर्ज पाठविण्यापूर्वी पडदा अर्जदाराकडे वळवावा, उजेड पुरेसा करावा आणि त्याला आपले नाव वाचू द्यावे. वाचता येत नसेल तर वाचून दाखवावे. एक कळ दाबण्याइतक्या श्रमात एक खेप वाचते.